सहा ओळी, दहा सेकंद

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय बुशरा,

आधी भांडण, मग ख्यालीखुशाली.

तू माझ्या पोरींना तुझ्या त्या ‘बैठक’ चॅटमधून काढून टाकलंस का? काढलं असशील तर सरळ तसं लिही, मी त्यांना समजावते. शनिवारपासून आमच्या होस्टेलमधल्या पाच जणी आत जातात आणि सहावीला लाल अक्षरांत ‘प्रवेश नाही’ येतं. एक बाहेर पडली की दुसरीला जागा मिळते. गेल्या आठवड्यात ब्लाउजच्या बाहीच्या कटिंगवरून यांचं तुमच्या नांदेडच्या दोन शिंप्यांशी जोरात वाजलं. पोरींनी त्याचा अर्थ असा लावलाय, की बुशरादीदी नांदेडची, म्हणून तिने नांदेडवाल्यांची बाजू घेतली. हुशार पोरी आहेत, पण रुसल्या की कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ऐकू येत नाही हे त्यांना अशा वेळी फार सोयीचं पडतं.

तू म्हणशील, हे बैठकीवरच का नाही लिहिलंस. तिथे तू चारशे अक्षरांच्या पुढे जाऊ देत नाहीस. आणि पत्राची सवय मला मोडायची नाही. आठव्या वर्षी तापात माझे कान गेले तेव्हापासून माणसं माझ्याशी तुकड्यातुकड्याने बोलतात, हातवारे करून, घाईघाईने. तुम्ही लोक लातूर सोडून नांदेडला गेलात तेव्हा आपण बारा वर्षांच्या होतो. तेव्हापासून पूर्ण वाक्यं मला तुझ्याच पत्रांतून मिळतात.

बाकी ठीक. शिवणाच्या वर्गात यंदा बावीस मुली आहेत. होस्टेलला शनिवारी वायफाय आलं, त्यामुळे सगळ्या खूश होत्या, आणि नेमकं हे झालं. आमचे शिवमूर्ती म्हणतात, बुशराला दम देऊ नकोस, ती फुकटात राबते. तर हा दम नाही, विचारणा आहे. तुझ्या अम्मीला, रहमतबी खालांना सलाम सांग.

मंजू

*

नांदेड,
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंजू,

पोरींना सांग, दीदीने कुणाचीच बाजू घेतली न्हाई. बाजू घ्यायचीच असती तर लातूरची घेतली असती. बाही त्यांचीच बरोबर होती.

दोष वायफायचा हाय, आणि माझा. आधी प्रत्येकीचा फोन आपापल्या नेटवर चालायचा. आता बावीस फोन एकाच वायफायवरून येतात, आणि माझ्या सर्व्हरला ते सगळे एकाच घरातून आल्यासारखे दिसतात. एका घरातून पाचच जणांना आत घ्यायचं, असा नियम त्याच्यात होता. सहावी आली की त्याला वाटतं कुणीतरी लबाडी करून राहिलंय.

हा पाचाचा आकडा मी ठरवलेला न्हाई. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, बहिऱ्या माणसांना बोलायला आपली जागा पाहिजे, मोठ्या ॲपवर गुड मॉर्निंगच्या फुलांत कामाचं हरवून जातं. तेव्हा मी हे चॅटचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फुकट घेतलं आणि आपल्यापुरतं चालू केलं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी पाच हा आकडा प्रोग्रामच्या पोटात पक्का बसवून ठेवलेला. बदलायचा तर प्रोग्राम उघडून आत हात घालावा लागायचा. ह्या खेपेला मी तो कायमचा बाहेर काढला. आता सेटिंगची एक साधी फाईल हाय, तिच्यात एक ओळ हाय: एका पत्त्यावरून किती जोडण्या. मी तिथे चाळीस लिहिलं. उद्या तुमच्याकडे साठ मुली आल्या तर साठ लिहीन, अर्ध्या मिनिटाचं काम.

खरं सांगू, हे करताना लई मजा आली. कॉलेजात मी पोरांना तेच ते शिकवते. हे काम कुणी सांगितलेलं नसतं, परीक्षेला येत नसतं. आमचे अजहर म्हणतात, घरातल्या गळक्या नळाचीपण अशी एखादी फाईल असती तर बरं झालं असतं.

अम्मीने तुला आणि तुझ्या आईला, सिद्धम्मा अव्वांना दुवा सांगितल्या आहेत.

तुझी बुशरा

*

लातूर,
९ जानेवारी २०२५

बुशरा,

पोरींचा रुसवा गेला, तो विषय संपला. हे पत्र दुसऱ्याच कारणाने आणि घाईत लिहिते आहे, तर अक्षर समजून घे.

परवा दुपारी ‘संध्या’ या नावाने कोणीतरी बैठकीवर आलं. मला वाटलं नवी मुलगी असेल. नमस्कार लिहिला आणि पुढच्या मिनिटाला घाण सुरू झाली. साठ-सत्तर मेसेज, एकावर एक. काय होतं ते मी लिहीत नाही. आमच्याकडे आवाज नसतो, फोन थरथरतो. बावीस फोन एकदम थरथरायला लागले आणि थांबेनात. मुलींनी शिवणयंत्रं सोडून फोन उचलले. एकीने तर घाबरून फोन पाण्याच्या बादलीत टाकला. तू त्याला काढेपर्यंत नऊ मिनिटं गेली होती. तुझा तास चालू होता, मला माहीत आहे, तुझी चूक नाही.

पण आता हे होता कामा नये. जो कोणी भडाभडा मेसेज टाकेल त्याला सर्व्हरने स्वतःच बाहेर काढलं पाहिजे, तुझी वाट न बघता. कडक कर. अगदी कडक कर. एखाद्याला चुकून काढलं गेलं तरी चालेल, येईल तो परत.

एक चांगली बातमी. आपली शिवगंगा आठवते ना, पहिल्या बॅचमधली, देवणीची? लग्न होऊन उदगीरला दिली ती. तिला सातवा महिना चालू आहे. बैठकीवर रोज दुपारी येते, काय खाल्लं ते सांगते. लिंबाचं लोणचं आणि भाकरी, दुसरं काही जात नाही म्हणे.

मंजू

*

नांदेड,
१६ जानेवारी २०२५

मंजू,

केलं. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बसले.

आधीपण मर्यादा होती, पण ढिली होती, दहा सेकंदांत तीस ओळी. तीपण प्रोग्रामच्या आत पुरलेली. आता सेटिंगमध्ये तीन नव्या ओळी आणल्या: किती ओळी, किती सेकंदांत, आणि मोडलं तर किती वेळ बाहेर. त्याच्यात भरलं सहा ओळी, दहा सेकंद, पंधरा मिनिटं. सातवी ओळ आली की माणूस बाहेर. परत यायला बघितलं तरी पंधरा मिनिटं दार उघडणार न्हाई.

मी स्वतः दोन दिवस तपासून बघितलं. किती भरभर लिहिलं तरी मला एकदाही बाहेर काढलं न्हाई. आणि खोट्या नावाने येऊन घाण टाकायचं नाटक केलं, तर दुसऱ्या सेकंदाला बाहेर. पोरींना सांग, बेफिकीर राहा.

शिवगंगाला माझ्याकडून मुबारक. तिळगूळ पाठवते आहे, अम्मीने केलेला. जरा कडक झालाय, तू सांगितलंस तसा.

तुझी बुशरा

*

नांदेड,
१२ फेब्रुवारी २०२५

मंजू,

हे पत्र कसं सुरू करावं मला कळत न्हाई. तू माझ्याशी पुन्हा बोलली न्हाईस तरी माझी तक्रार असणार न्हाई, पण जे झालं ते माझ्या हाताने कागदावर लिहून तुला दिलं पाहिजे.

काल मंगळवारी मी साडेचारला कॉलेजातून घरी आले आणि सवयीने सर्व्हरची नोंदवही उघडली. त्याच्यात प्रत्येकाचं आत येणं, बाहेर जाणं, सगळं उतरतं. दुपारी बारा चाळीसला शिवगंगा आली होती. तिने लिहिलेलं जसंच्या तसं देते:

ताई
कळ
पाणी
फुटलं
घरी
एकटी

ह्या सहा ओळी नऊ सेकंदांत. सातवी ओळ तिने लिहिली, ती सर्व्हरने घेतली न्हाई आणि तिला बाहेर काढलं. कारण म्हणून लिहिलंय: अति वेग. त्याच्यानंतर तिने परत यायचा प्रयत्न केला. अकरा वेळा. अकराही वेळा माझ्या सर्व्हरने तिला सांगितलं, पंधरा मिनिटांनी या.

तू तिला विचारत होतीस, ‘कुठे आहेस? सासरी की माहेरी?’ ते मी वाचलं. तुला उत्तर मिळालं न्हाई तेपण वाचलं.

मी समोर बसलेली असतानाच उदगीरचा गॅरेजवाला संगप्पा बैठकीवर आला. पाच वाजायला दहा कमी. त्याने लिहिलं:

शिवगंगा
बरी
ऑपरेशन
झालं
बाळ
गेलं

आणि मग त्यालापण सर्व्हरने बाहेर फेकलं.

मंजू, मी दोन दिवस तपासलं म्हणून तुला फुशारकीने लिहिलं होतं. मी एकटीनं तपासलं. मी पूर्ण वाक्य लिहिते, मग पाठवते. माझ्या डोक्यात आलंच न्हाई की तुम्ही लोक एक शब्द लिहून पाठवता, मग दुसरा. तीन वर्षं मी तुमचं लिहिणं रोज बघते आणि तरी डोक्यात आलं न्हाई.

मी पाच वाजता बैठक बंद केली. सगळा सर्व्हरच बंद केला. फोन कपाटात ठेवलाय. तुझे निरोप आले असतील, ते उघडायची माझी हिंमत न्हाई. अम्मीला सांगितलंय ताप हाय. शिवगंगाला तोंड कसं दाखवू ते सांग. न्हाई, नको सांगू.

बुशरा

*

लातूर,
१५ फेब्रुवारी २०२५

बुशरा, बाळ जिवंत आहे.

हे वाक्य दोनदा वाच, मग खाली ये.

मुलगा आहे. एक किलो सातशे ग्रॅम. इथे लातूरला मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. नाकातली नळी काल काढली. मी आज सकाळी त्याला बघून आले आणि घरी येते तर दारात तुझं पत्र. पोस्टाने तीन-चार दिवस घालवायचे नाहीत म्हणून हे पत्र शिवमूर्ती उद्या पहिल्या एसटीने घेऊन येतील. फोनवर मी तुला चार दिवसांत वीस निरोप पाठवले, तू एकही उघडला नाहीस. का, ते मला आज कळलं.

संगप्पा ‘बाळ गेलं’ असं लिहिणार नव्हता. तो लिहिणार होता: बाळ, गेलं, लातूरला, काचेच्या, पेटीत, डॉक्टर, म्हणाले, ठीक. त्याचे सहा शब्द झाले आणि दार बंद झालं. पंधरा मिनिटांनी तो पुन्हा आला, तोवर तू बैठकच बंद केली होतीस. त्याने मग मला फोनवर वेगळं कळवलं. तुझा नंबर त्याच्याकडे नाही. आपण सगळे बैठकीवर भेटतो, नंबर कशाला लागतो.

आता पहिल्यापासून सांगते.

शिवगंगा बाळंतपणाला लवकरच माहेरी आली होती, मला माहीत नव्हतं. आई, लक्ष्मम्मा, हरभरा काढायला रानात गेलेली. आजूबाजूची घरंही रानात. पोरगी एकटी. १०८ ला फोन केला तरी बोलणार काय, आणि पलीकडचं ऐकणार कशाने? म्हणून बैठकीवर आली. मी समोरच होते. सहा शब्द आले आणि ती नाहीशी झाली. सातवा शब्द ‘देवणी’ होता, हे मला तिने परवा खाटेवर सांगितलं. पंधरा मिनिटं संपेपर्यंत कळा एवढ्या वाढल्या की तिला परत लिहायला जमलंच नाही.

मला वाटलं ती उदगीरलाच असेल. संगप्पाचं गॅरेज उदगीरला, त्याला धाडलं. सासरच्या दाराला कुलूप. त्याने कुलपाचा फोटो पाठवला. मग मी लिहिलं, देवणीला जा. त्याने मोटरसायकल घातली. वाटेत बायपासला काम चालू होतं तर शेतातून गेला म्हणे. पोचला तेव्हा ती दाराच्या उंबऱ्याला टेकून बसली होती, फोन हातात. त्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन पाटीवर खडूने लिहिलं, ‘बाई बाळंत. गाडी बोलवा.’ दुकानदार गुरुबसप्पा म्हातारा माणूस, चष्मा शोधण्यात वेळ घालवला नाही, तसाच वाचून फोन लावला. उदगीरला ऑपरेशन झालं. बाळ आठव्या महिन्यातलं, म्हणून लातूरला आणलं. डॉक्टरांनी संगप्पाला कागदावर लिहून दिलं, ‘वेळेत आणलंत.’ तो कागद त्याने पाकिटात ठेवलाय आणि दिसेल त्याला दाखवतो.

आता माझं. ‘कडक कर, अगदी कडक कर, चुकून काढलं गेलं तरी चालेल’ हे कोणी लिहिलं होतं? एक शब्द लिहून पाठवायचं मी पोरींना शिकवलेलं, आणि तुला सांगताना मीच विसरले. तू एकटी दोषी असल्याचं लिहितेस, ते मला मान्य नाही. अर्धं माझं आहे, मला दे.

आणि एक कबुली. मंगळवारी संध्याकाळी, संगप्पाचा पूर्ण निरोप यायच्या आधी, मी तुला फोनवर फार वाईट लिहिलं. बैठक बंद झालेली बघून मला वाटलं ते वाचून तू चिडलीस आणि आम्हाला शिक्षा म्हणून दार लावलंस. चार दिवस मी मनात तुझ्याशी भांडत होते. ते निरोप वाचू नकोस. पुसून टाक.

बैठक चालू कर. चार दिवस झाले, दीडशे माणसं मुकी बसली आहेत.

मंजू

*

नांदेड,
१६ फेब्रुवारी २०२५, दुपार

मंजू,

शिवमूर्ती भाऊजी समोर जेवायला बसलेत, त्यांच्या हाती हे देते. मी दारातच त्यांना विचारलं, बाळ खरंच हाय ना. ते हो म्हणाले. पाणी देताना परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. एवढासा हात, त्याला चिकटपट्टी. मी ओट्यापाशी जाऊन रडले. अम्मीला काहीच कळेना, तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ताप न्हाई हे तिला कळलं. चार दिवस खोटं बोलले म्हणून आता बोलणी खाऊन राहिले, आणि प्रत्येक बोलणं गोड लागतंय.

बैठक चालू केली. तिन्ही आकडे सध्या मागे घेतले, पूर्वीसारखी ढिली ठेवलीय. तो ‘संध्या’ परत आला तर येऊ दे, मी नोंदवहीजवळच बसून असते. तू लिहिलेलं मी वाचलं. सगळं. पुसलं न्हाई. तुझ्या जागी असते तर मीपण तेच लिहिलं असतं.

आता घाई करणार न्हाई. मला आधी सांग, तुम्ही लोक कसं लिहिता. मी बघत आले, विचारलं कधीच न्हाई.

तुझी बुशरा

*

लातूर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुशरा,

बाळ पेटीतून बाहेर आलं. आईच्या अंगावर झोपतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझं लिहिणं आमच्यातलं धरू नकोस, माझे कान उशिरा गेले, भाषा आधी आली होती. पोरींचं वेगळं आहे. त्यांची पहिली भाषा हातांची. एक खूण, समोरच्याचा चेहरा बघायचा, दुसरी खूण. फोनवरही तसंच. एक शब्द, पाठव, समोरच्याने वाचला का बघ, दुसरा शब्द. अंगठा सरावलेला असतो, फोन पुढचा शब्द सुचवतो, त्यामुळे झरझर जातं. त्यांच्या दृष्टीने ते एकच वाक्य असतं. तुझ्या सर्व्हरला ते सात मेसेज दिसतात.

मला विचारशील तर, कोणाला बाहेर काढू नकोस. फार झालं तर हळू कर. आणि ओळखीच्या माणसाला अनोळख्यासारखं वागवू नकोस. शिवगंगा तीन वर्षं रोज येते, संध्या नऊ मिनिटांची होती. दोघींना एकच माप कसं?

आणि या आकड्यांना नावं दे, आम्हाला वाचता येतील अशी. तुझ्या त्या फाईलचा फोटो पाठवला होतास, मला एक अक्षर कळलं नाही.

मंजू

*

नांदेड,
९ मार्च २०२५

प्रिय मंजू,

रोजे चालू हायत, त्यामुळे डोकं दुपारी चालत न्हाई, सकाळी चालतं. रोज सकाळी दोन तास हेच केलं.

एक, आता बैठकीतल्या प्रत्येक रूमला वेगळं माप ठेवता येतं. ‘मदत’ नावाची एक नवी रूम केली, तिथे मापच न्हाई. कितीपण लिहा, कसंपण लिहा. दोन, तू म्हणालीस तसं नवा माणूस आणि जुना माणूस वेगळा. नव्याला पहिले सात दिवस कडक, त्याच्यानंतर ढिलं. तो सातपण फाईलमध्ये हाय, बदलता येतो. तीन, जुन्या माणसाला बाहेर काढायचं न्हाईच. लई भरभर आलं तर सर्व्हर ओळी धरून ठेवतो आणि जरा जरा सोडतो. एकही शब्द हरवायचा न्हाई.

नावं मराठीत दिली: ‘किती ओळी’, ‘किती सेकंदांत’, ‘नवखेपणाचे दिवस’, ‘धरून ठेव’. आणि बैठकीवरूनच ती बदलायचा हक्क तुला दिलाय. मी वर्गात असले तरी तुला माझी वाट बघावी लागणार न्हाई.

ह्या खेपेला मी तपासणार न्हाई. तू आणि बावीस जणी तपासा. मोडून दाखवा.

तुझी बुशरा

*

लातूर,
१७ मार्च २०२५

प्रिय बुशरा,

मोडलं.

शुक्रवारी दुपारी सगळ्या जणी एकदम बसल्या. पहिली पाच मिनिटं छान गेली. मग एकीने लिहिलं: चहा, नको, दूध, पाहिजे. पलीकडे पोचलं: चहा, पाहिजे, दूध, नको. तिला चहा मिळाला. दुसरीने लिहिलं होतं की तू नाही, ती वेडी. ते उलटं पोचलं आणि यंत्रांवर अर्धा तास अबोला. धरून ठेवलेल्या ओळी सोडताना तुझा सर्व्हर त्यांचा क्रम विसरतो. पोरी एवढ्या हसल्या की खालच्या मजल्यावरून वॉर्डनबाई बघायला आल्या, कारण आम्ही हसतो तेव्हा आमचा आवाज किती होतो ते आम्हाला कळत नाही.

तुझ्या मेहनतीवर हसलो म्हणून रागावू नकोस. महिन्यानंतर त्या अशा हसल्या.

मीही एक उद्योग केला. हक्क दिलास म्हणून ‘किती ओळी’मध्ये शून्य घातलं, वाटलं शून्य म्हणजे मर्यादा नाही. सगळ्या बैठकीची दातखीळ बसली. कोणालाच काही लिहिता येईना, मलाही नाही. मग घाबरून परत सहा केलं. शून्याचा अर्थ काय ते तिथेच लिहून ठेवत जा, माझ्यासारख्या बायांसाठी.

मंजू

*

नांदेड,
२२ मार्च २०२५

प्रिय मंजू,

क्रम दुरुस्त झाला. एका माणसाच्या ओळी आता एकाच रांगेत उभ्या राहतात, मागची पुढे घुसत न्हाई. प्रत्येक सेटिंगच्या खाली मराठीत एक ओळ खुलासा टाकला. शून्य म्हणजे पूर्ण बंद, मर्यादा नको असेल तर ‘अमर्याद’ असा शब्द लिहायचा. आणि शून्य घातलं तर तो आधी विचारतो, नक्की ना?

ज्यांनी मूळ सॉफ्टवेअर लिहिलं त्यांना मी हे सगळे बदल पाठवले. कुठल्यातरी दूरदेशीचे लोक आहेत. त्यांना लिहिलं की आमच्याकडे लोक एक शब्द एका ओळीत लिहितात, आणि का लिहितात. त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं, आम्ही हे कधी धरलंच नव्हतं, पुढच्या आवृत्तीत घेतो. मी ते उत्तर अम्मीला वाचून दाखवलं. तिला एवढंच कळलं की कुणीतरी माझं ऐकलं.

पोरींना पुन्हा मोडायला बसव.

तुझी बुशरा

*

लातूर,
२१ एप्रिल २०२५

प्रिय बुशरा,

दोनदा बसवलं. मोडलं नाही.

काल शिवगंगा बैठकीवर आली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. मधे दोन महिने ती फोन हातात घ्यायची नाही, मला लक्ष्मम्माने लिहवून कळवलं होतं. ‘पंधरा मिनिटांनी या’ हे शब्द तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. मी तिला सांगितलं होतं की आता तसं होत नाही, पण सांगून काय होतं.

दुपारी एक वाजता तिचं नाव दिसलं. सगळ्या थांबल्या. तिने लिहायला सुरुवात केली, एकेक शब्द. मी मोजत होते. पाच, सहा. सहावर ती थांबली. बराच वेळ थांबली, मला वाटलं गेली. मग सातवा आला. मग ती थांबलीच नाही. बाळाचं वजन, नवऱ्याची सुट्टी, आईचा हट्ट, बाळाची नखं, अंगावरचं दूध, सगळं. एकोणसाठ ओळी, बुशरा. कोणी मधे तोंड घातलं नाही. संगप्पाने गॅरेज सोडून वाचलं. मी इस्त्री तशीच कापडावर ठेवली होती, एक ब्लाउज गेला.

आणि शेवटी तिने काय लिहिलं असेल? तक्रार. शब्द देते:

दीदीला
सांगा
फोन
थरथरतो
बाळ
उठतं
बंद
करायचं
बटण
द्या

बघ काय करतेस.

मंजू

*

नांदेड,
२६ एप्रिल २०२५

प्रिय मंजू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा त्या तक्रारीपाशी येऊन मला हसू आलं. फेब्रुवारीपासून ह्या सर्व्हरला हात लावायची भीती वाटायची. आज पहिल्यांदा वाटली न्हाई. तुझ्या पत्रातल्या त्या दहा शब्दांसमोर मी चहा घेऊन बसले, आणि चहा संपायच्या आत काम उरकलं.

शिवगंगाला कळव, बटण दिलंय. नाव ‘बाळ झोपलंय’. ज्याला पाहिजे त्याने आपापल्यापुरतं लावायचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ते आपण भरायचं. तेवढा वेळ फोन हलणार न्हाई, ओळी आत जमा होतील, उठल्यावर वाचाव्या.

फक्त ‘मदत’ रूम त्याच्यातून वगळलीय. तिथे कुणी एक शब्द जरी लिहिला तरी सगळ्यांचे फोन थरथरणार, बाळ उठलं तरी. ते बंद करायचं बटण मी केलेलं न्हाई आणि करणार न्हाई. ह्याच्यावरून तिला भांडायचं असेल तर म्हणावं, ये बैठकीवर आणि भांड. कितीपण ओळी.

तुझी बुशरा